बोळातलं गुलबक्षी पाणी

शनिवारी सकाळी नवाच्या आत ज्या घरातून गटारात फेस आला नाही, त्या घरात एक तर कोणीतरी गेलंय किंवा घरची बाई आळशी आहे, असा कोतुई गावातल्या एका बोळाचा कायदा होता. कायदा कुठे लिहून ठेवलेला नव्हता. गरजच नव्हती. बोळाची बाईसाहेब, दोन्या फ्रेदेस्विंदा, जिवंत होती ना!

बोळ अरुंद. एका हाताला सहा घरं, दुसऱ्या हाताला पाच, आणि मधोमध सिमेंटचं उघडं गटार. शनिवार उजाडला की अकराही घरांत रेडिओ ठणाणा करायला लागायचे, खुर्च्या पलंगावर चढायच्या आणि बायका फरशीवर तुटून पडायच्या. बादलीत काय असायचं? सगळंच. क्लोरीन, वासाचं जांभळं फिनेल, संडासासाठी आणलेलं ॲसिड उरलं असेल तर त्याचाही एक घोट, वर कपड्यांची पावडर. जितकं जास्त घालाल तितकं घर स्वच्छ. पुसून झालं की बादली दारातूनच गटारात रिकामी करायची. मग दोन्या फ्रेदेस्विंदा कॉफीचा कप घेऊन दारातल्या डोलखुर्चीत बसायची आणि वाहत्या पाण्याकडे बघून निकाल द्यायची.

"यानेल्बाचं झालं. रंग गडद आहे, पोरीने हात सोडून घातलंय. शाब्बास! आणि हे फिकं कुणाचं गं? मेर्सेदितास, फिनेल आहे का लिंबाचं सरबत?"

हा सगळा माल यायचा चागोच्या पिकअपमधून. पाठीमागे निळी पिंपं, टपावर भोंगा. "क्लोरीऽऽन! फिनेऽऽल! कपड्याचं मऊ पाणीऽऽ!" बायका कोल्ड्रिंकच्या रिकाम्या बाटल्या घेऊन धावायच्या आणि चागो नळीने भरून द्यायचा. त्या बाटलीत काय आहे ते चागोला ठाऊक नव्हतं. त्याला माल देणाऱ्यालाही ठाऊक असेल असं वाटत नव्हतं. लेबल असलंच, तर संत्र्याच्या सोड्याचं.

याच बोळात, गटाराच्या डाव्या हाताला तिसरं घर नुर्किसचं. वय बावन्न, अंगाने भरलेली, आणि डोळ्यांत कायम काहीतरी शिजत असलेलं. एकदा चागो कॉफी प्यायला खाली उतरला, तेव्हा हिने पिकअपमध्ये हात घालून त्याचा माइक उचलला आणि आवाज बदलून जाहीर केलं, "माझ्या लग्नाला आज पंचवीस वर्षं झाली, सगळा माल फुकट!" चागोचं लग्नच झालेलं नव्हतं. तरी पिंपं अर्ध्या तासात कोरडी पडली. बोळातल्या बायका नुर्किसला घाबरूनही असायच्या आणि ती दोन दिवस दिसली नाही तर त्यांना करमायचंही नाही.

पण तीन महिने झाले, नुर्किसने कुणाची साधी चेष्टा केली नव्हती. कारण एलिहिओ.

एलिहिओ म्हणजे तिचा नवरा, सॅक्सोफोनवाला. डिसेंबरात गावच्या देवीची जत्रा भरायची, चर्चसमोरच्या चौकात अकॉर्डियन, ढोल आणि धातूची घासून वाजवायची खरखरी वाजायची, आणि सुरुवातीला एलिहिओ एकच सूर धरायचा. असा लांब धरायचा की लोक बोटांवर मोजायचे. मागच्या वर्षी सूर मध्येच तुटला होता. लोकांनी टाळ्या वाजवल्या, पण त्या कसल्या टाळ्या होत्या ते एलिहिओला कळलं. यंदा तर त्याला गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन यायचं म्हणजे दोनदा भिंतीला टेकावं लागायचं. शेवटी अकॉर्डियनवाला मोन्चो एक दिवस टोपी हातात फिरवत येऊन बसला.

"भाऊ, वाईट वाटून घेऊ नकोस. नोव्हेंबरच्या शेवटापर्यंत तुझा दम आला नाही तर मोका गावाहून एक पोरगा आणावा लागेल. वाजवतो बरा."

"बरा?" एलिहिओ म्हणाला.

"बरा."

एवढंच बोलणं झालं. त्या दिवसापासून सॅक्सोफोनची पेटी पलंगाखाली गेली.

नुर्किसने त्याला धरून दवाखान्यात नेलं. डॉक्टरबाई तरुण होत्या, पण प्रश्न म्हाताऱ्यासारखे सावकाश विचारायच्या.

"सगळ्यात जास्त त्रास कधी होतो?"

"शनिवारी," एलिहिओ म्हणाला.

"शनिवारी घरात काय असतं?"

"देवाच्या कृपेने स्वच्छता असते," नुर्किस छाती काढून म्हणाली. आणि बादलीत काय काय घालते ते तिने एकेक करून सांगितलं. स्वयंपाक सांगावा तसं. डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं.

"बाई, तुम्ही घर पुसत नाही, तुम्ही नवऱ्याला धुरी देताय. औषधाचा पंप मी देते. पण ती बादली तशीच राहिली तर पंप किती दिवस पुरणार? क्लोरीन बंद, ॲसिड बंद, वासाचं काहीही बंद. आणि एकात एक मिसळणं तर कायमचं बंद. स्वच्छ घराला वास नसतो."

स्वच्छ घराला वास नसतो! नुर्किसला हे असं वाटलं की कुणी सांगावं, कोंबडीला पंख नसतात.

ती तडक गावातल्या मोठ्या दुकानात गेली आणि साबणांच्या रांगेसमोर जमिनीवर फतकल मारून बसली. एकेक बाटली उचलायची, चष्मा नाकावर ओढायचा, मागचं बारीक वाचायचं. अर्ध्या बाटल्यांवर काही लिहिलेलंच नव्हतं. उरलेल्यांवर होतं ते वाचायला जीभ पुरेना. दुकानातला माणूस येऊन उभा राहिला.

"मावशी, दमला असाल तर बाहेर बाक आहे."

"हे 'सुगंध' लिहिलंय, म्हणजे कशाचा रे?"

"जंगलाचा. चित्र आहे ना वर."

"तू कधी गेलायस जंगलात? जंगलाला चिखलाचा वास येतो. या बाटलीतला वास कशाने आणलाय ते विचारतेय मी."

माणसाने बाटली उलटीसुलटी करून बघितली. "ते... फॅक्टरीला माहीत."

"मग फॅक्टरीनेच नाकाशी धरावं," असं म्हणून नुर्किस उठली. तिच्या पिशवीत दोनच वस्तू गेल्या. एक खाण्याचा सोडा आणि दुसरा कुआबा नावाच्या झाडाच्या राळेचा साधा साबण, देवदाराच्या रंगाची ती वडी, जिने तिची आई कपडे, भांडी आणि पोरं एकाच हाताने घासायची. बाकीचं घरीच होतं. कोतुईत अननसाला काय तोटा! साली पाण्यात गूळ टाकून ठेवल्या की तीन-चार आठवड्यांत असा करकरीत व्हिनेगर होतो की डाग स्वतःच निघून जातो. तो गाळून त्यात आंबट संत्र्याच्या साली टाकायच्या आणि पाण्यात सढळ हाताने मिसळायचा. झालं फिनेल. पहिला व्हिनेगर तिने लोणच्यासाठी करून ठेवलेल्या मोठमोठ्या बरण्यांतलाच घेतला.

शनिवारी तिने घर पुसलं. फरशी लखलखली. नुर्किस गुडघ्यावर बसून अंगठ्याने घासून बघत होती, कर्रर्र आवाज येत होता. आणि मग तिने बादली गटारात ओतली.

पाणी स्वच्छ. ना फेस, ना रंग, ना वास.

डोलखुर्ची थांबली. "नुर्किस," दोन्या फ्रेदेस्विंदाचा आवाज आला, "बरं नाही का गं तुला?"

"छान आहे मी, दोन्या."

"मग आज पुसलं नाहीस ते?"

"पुसलं की! हे काय पाणी."

दोन्याने पाण्याकडे बघितलं, मग नुर्किसकडे बघितलं, आणि मग नजर वळवली, जशी आपण कुणाच्या परकराचं टोक वर अडकलेलं दिसलं की वळवतो. दुपारपर्यंत अकरा घरांत बातमी पोचली. संध्याकाळी यानेल्बा एक वाटी भात आणि एक बाटली जांभळं फिनेल घेऊन दारात उभी. "तंगी असेल तर सांगायचं गं ताई. शेजार कशाला असतो?"

हे नुर्किस हसण्यावारी नेऊ शकली असती. पण दुसरी गोष्ट नेता येईना. तिच्या घरात क्लोरीन नव्हतं, तरी शनिवारी एलिहिओ पलंगाच्या काठावर बसून माशासारखा तोंडाने हवा ओढत होता. बोळातल्या भिंती एकाला एक लागून, वर जाळीच्या विटा. दहा घरांची बादली आपल्या नाकात यायलाच हवी! एकट्या घराने सोडून उपयोग शून्य. सुटायचं तर अख्ख्या बोळाने सुटायला हवं.

मग तिने सरळ मार्ग धरला. आयुष्यात पहिल्यांदा, आणि त्याचं फळही तसंच मिळालं. दोन्याच्या अंगणात सगळ्या बायका पत्त्यांना जमल्या होत्या, तिथे जाऊन डॉक्टरबाईंचं म्हणणं तिने शब्दाला शब्द सांगितलं. दोन्याने पत्ते नीट लावले, खोकली आणि म्हणाली,

"चाळीस वर्षं मी क्लोरीन वापरतेय. मला काय झालंय?"

"तुम्ही आत्ताच खोकलात, दोन्या."

"ती धूळ आहे. तुझ्या घरची, न पुसलेली."

बायका हसून हसून एकमेकींच्या अंगावर पडल्या. नुर्किसही हसली. कोपरखळी चांगली होती, तिला दाद द्यायलाच हवी. पण घरी जाताना तिच्या डोळ्यांत ते जुनं काहीतरी पुन्हा शिजायला लागलं होतं. खरं सांगून ऐकत नाहीत? ठीक.

त्या आठवड्यात बटाट्याच्या कोशिंबिरीसाठी तिने बीट उकडलं. लाल पाणी मोरीत ओतायला गेली आणि हात हवेतच थांबला.

शनिवारी सकाळी नऊला पाच कमी असताना नुर्किसच्या दारातून गटारात जे पाणी आलं, ते बोळाने जन्मात बघितलं नव्हतं. गुलबक्षी! भडक, चमचमीत, राणीच्या झग्यासारखं. सगळ्यांचं फिकट जांभळं त्याच्यापुढे धुणं धुतल्यासारखं दिसायला लागलं. ते वळत वळत दोन्या फ्रेदेस्विंदाच्या पायांपाशी पोचलं. दोन्याने कप खाली ठेवला.

"हे काय आहे?"

"कुठे काय?" नुर्किस झाडूने दार झाडत म्हणाली.

"हे! हा रंग! चागोकडे असला नाही."

"चागोकडे कसा असेल?" नुर्किसने इकडेतिकडे बघून आवाज खाली आणला. इतका खाली, की समोरच्या पाचही दारांतून ऐकू जावा. "न्यूयॉर्कहून आलंय. माझ्या मावसबहिणीने पाठवलं, पिंपात घालून. तिथे ती मोठ्या लोकांच्या घरी कामाला आहे. पण जाऊ दे दोन्या, आपल्याकडच्यांना नाही झेपायचं ते."

"का नाही झेपायचं?"

"त्याला वास नाही."

"वास नाही?"

"वास गरिबांच्या घराला लागतो म्हणे. तिकडच्या श्रीमंतांकडे घर पुसलं की कसलाच वास येता कामा नये. वास आला तर मालकीण म्हणते, काय लपवतेयस?"

दोन्या फ्रेदेस्विंदाने कप उचलून तोंडाला लावला. पण खुर्ची अशी जोरात डोलायला लागली की पाया उखडावा.

तासाभरात यानेल्बा दारात. "ताई, थोडंसं दे ना. एक कप."

"मुळीच नाही. संपत आलंय."

"अर्धा कप!"

"लेबल बघू दे तरी," मागून मेर्सेदितास म्हणाली.

"लेबल नसतं त्याला. ज्यांना माहीत असतं त्यांना माहीत असतं."

आता हे नुर्किसने सहज म्हटलं, पण घरात येऊन तिला स्वतःलाच उशीत तोंड खुपसून हसावं लागलं. चागोच्या बाटलीवर लेबल नाही याचा तिने दवाखान्यापासून राग धरला होता, आणि इथे तीच गोष्ट सोन्याच्या भावाने खपत होती. एलिहिओ पलंगावरून विचारत होता, "काय केलंस आता? नुर्किस? काय केलंस?"

तिने कुणाला दिलं नाही. दोन दिवस. मग यानेल्बाला एक बाटली दिली, गुपचूप, कुणाला सांगू नको म्हणून. म्हणजे सगळ्यांना कळलं. मग मेर्सेदितासला. पण प्रत्येकीला देताना चेष्टा बाजूला ठेवून, मनगट घट्ट धरून एक गोष्ट मात्र सांगायची: "यात दुसरं काही घालायचं नाही. क्लोरीन तर थेंबही नाही. बादली आधी नुसत्या पाण्याने धुवायची. घातलंस तर परत देणार नाही."

घरामागे अननसाच्या साली ठेवायला जागा उरेना. बाजारातला फळवाला तिला साली फुकट द्यायचा आणि वर विचारायचा, "डुकरं किती झाली तुझी?" "दहा," ती सांगायची, बोळातली घरं मोजून.

शेवटी तिसऱ्या शनिवारी दोन्याने स्वतः हाक मारली. "ते तुझं न्यूयॉर्कवालं. आणून ठेव एक. मला हवंय असं नाही. बघायचंय फक्त."

त्या शनिवारी गटार या टोकापासून त्या टोकापर्यंत गुलबक्षी वाहिलं. चागो भोंगा वाजवत आला, थांबला, परत वाजवला. एकही बाई बाटली घेऊन निघाली नाही.

"काय गं, सगळ्या माहेरी गेल्यात का?"

"आम्ही आता वास नसलेलं वापरतो," यानेल्बा खिडकीतून म्हणाली, हे बोलताना तिची मान जरा वर झाली होती.

"वास नाही? मग पुसलंय हे कळणार कसं?"

"ज्यांना माहीत असतं त्यांना माहीत असतं!"

आणि दुपारी, जेवणं आटोपल्यावर, बोळात एक आवाज आला. आधी फुसकुली, मग घोगरा, मग स्वच्छ. पलंगाखालची पेटी बाहेर आली होती. सूर काही मोठा नव्हता, आठ-दहा मोजेपर्यंत टिकला. पण मधेच तुटला नाही, एलिहिओने स्वतः थांबवला. नुर्किस मोरीत भांडी घासत होती. तिने नळ बंद केला आणि ओल्या हातांनी तशीच उभी राहिली.

नोव्हेंबरचा शेवट दहा दिवसांवर होता. सगळं ठरल्यासारखं चाललं होतं, आणि असं चाललं की माणूस बेसावध होतो.

पुढच्या शनिवारी दोन्या फ्रेदेस्विंदाकडे प्रार्थनामंडळ यायचं होतं. गावातल्या वीस बायका. दोन्याने आठवडाभर त्यांच्यात न्यूयॉर्कच्या पाण्याचं गाणं गाऊन ठेवलं होतं. सकाळी तिने बादली भरली, बघितली, आणि चाळीस वर्षांची सवय आडवी आली. चांगलं आहे, पण जोर कमी. कपाटात चागोच्या क्लोरीनची जुनी बाटली होतीच. न्हाणीघराचं दार लावून तिने ती बादलीत उपडी केली, आणि वर न्यूयॉर्कवालं अख्खं ओतून न्हाणीघरच आधी घासायला घेतलं.

नुर्किस दारात बसून संत्री सोलत होती. दोन्याच्या मोरीतून बाहेर येणाऱ्या पाण्याकडे तिचं सहज लक्ष गेलं. पाणी गुलबक्षी यायला हवं होतं. येत होतं पांढरं. रंग उडालेलं, साफ मेलेलं. बिटाचा डाग क्लोरीननेच जातो हे त्या गावात पोरीबाळींनाही माहीत असतं.

संत्री गटारात गडगडली. नुर्किस त्या वयाला आणि त्या अंगाला शोभणार नाही अशी पळाली. "दोन्या! दार उघडा! बाहेर या!" आतून नुसता खोकला. तिने ॲप्रनच्या टोकाने तोंड दाबलं, खांद्याने दार ढकललं, दोन्याला काखेत धरून फरफटत बाहेर बोळाच्या तोंडापर्यंत नेलं, जिथे वारा होता. म्हातारीचे डोळे लालभडक, तोंडातून शब्द फुटेना. यानेल्बाने बादलीभर पाणी आणून डोळ्यांवर मारलं, कुणीतरी मोटरसायकलवाल्याला हाक मारली, कुणी दवाखान्याला फोन लावला.

"डॉक्टरबाई विचारतायत," यानेल्बा फोन कानाला लावून ओरडली, "क्लोरीनमध्ये काय मिसळलं? त्या बाटलीत काय होतं? ताई, न्यूयॉर्कच्या बाटलीत काय असतं?"

अख्खा बोळ नुर्किसकडे बघत होता. उरलेली नऊ घरं, प्रत्येकीच्या हातात किंवा मोरीत तिची एक बाटली. आता खरं सांगितलं तर संपलं. उद्या सगळ्या परत चागोच्या नळीखाली उभ्या राहतील, एलिहिओची पेटी परत पलंगाखाली जाईल, आणि मोकाचा तो बरा पोरगा चौकात उभा राहील. हे सगळं तिला अगदी लख्ख दिसलं. तिने दोन्याच्या निळसर पडलेल्या ओठांकडे बघितलं.

"व्हिनेगर," ती मोठ्याने म्हणाली. "अननसाच्या सालीचा व्हिनेगर, आंबट संत्र्याची साल आणि बीट. दुसरं काहीही नाही. न्यूयॉर्क नाही, मावसबहीण नाही. सांग त्यांना, व्हिनेगर आणि क्लोरीन एकत्र झालंय, त्याची विषारी वाफ छातीत गेलीय. लवकर सांग."

मोटरसायकल दोन्याला मध्ये बसवून गेली. मागे बोळात असा शुकशुकाट झाला की कोंबड्या चालल्या तरी ऐकू यावं.

"बीट?" मेर्सेदितास म्हणाली.

"बीट."

"मी माझ्या सासूला सांगितलं ते विमानाने येतं म्हणून!"

कुणीच हसलं नाही. एकेक दार लागलं. नुर्किसने गटारातली संत्री गोळा केली. ती धुतली, आणि मग काय करायचं ते सुचेना म्हणून तशीच मांडीवर घेऊन बसली. एलिहिओ येऊन शेजारी टेकला.

"तू सांगितलंस ते बरं केलंस," तो म्हणाला. "मी नाही वाजवलं तरी चालेल."

"गप बस," ती म्हणाली.

दोन-अडीच तासांनी मोटरसायकल परत आली. दोन्या फ्रेदेस्विंदा स्वतःच्या पायांनी उतरली, आवाज मात्र भोंग्याच्या फाटक्या पडद्यासारखा झाला होता. सगळी दारं परत उघडली. दोन्या आपल्या खुर्चीकडे गेली नाही. ती नुर्किससमोर येऊन उभी राहिली.

"खोटं बोललीस माझ्याशी."

"हो."

"तीन आठवडे."

"हो दोन्या. खरं बोलले होते त्या दिवशी तुम्ही हसलात."

मग नुर्किसच्या पायरीवर, चाळीस वर्षांत पहिल्यांदा, दोन्या बसली.

"त्या पोरीने, डॉक्टरणीने, छातीला नळी लावली. म्हणाली, हे आजचं नाही, छाती जुनी जळलेली आहे. कशाने पुसता घर? मी सांगत गेले आणि तिचा चेहरा बदलत गेला. म्हणाली, तुमचा तो खोकला किती वर्षांचा? मी म्हटलं, धूळ आहे." दोन्याने पायरीवरची धूळ बोटाने पुसली. "तिने फक्त माझ्याकडे बघितलं. माझ्याकडे आयुष्यात कुणी तसं कीव करून बघितलं नव्हतं, नुर्किस. माझ्या नवऱ्यानेसुद्धा नाही, आणि तो तर मला घाबरायचा."

नुर्किस पायरीवर जरा सरकली आणि तिला भिंतीला टेकायला जागा दिली.

"अननसाची साल म्हणालीस?"

"साल."

"मी माझ्या डुकराला घालते ती."

"मग तुमच्या डुकराचं पोट या बोळातल्या सगळ्या फरश्यांपेक्षा स्वच्छ असणार."

दोन्याच्या घशातून एक आवाज निघाला. आधी सगळ्यांना वाटलं परत खोकला. पण ती हसत होती. हसता हसता खोकली, खोकता खोकता हसली, डोळ्यांतून पाणी काढलं आणि यानेल्बाकडे वळून म्हणाली, "उभी काय राहिलीस? कपाटातल्या माझ्या बाटल्या आण. सगळ्या. आणि एकात एक ओतायच्या नाहीत गं बाई, बुचं घट्ट लाव. चागो येईल तेव्हा त्याच्या गाडीत ठेवायच्या."

"मंडळाच्या बायका येतायत ना संध्याकाळी? त्यांना काय सांगायचं?" मेर्सेदितासने घाबरत विचारलं. "तुम्ही सगळ्यांना न्यूयॉर्क सांगितलंय."

हा खरा प्रश्न होता. दोन्या फ्रेदेस्विंदा चार पावलं चालली, गटाराच्या काठाशी उभी राहिली, आणि हनुवटी वर करून म्हणाली, "सांगायचं की न्यूयॉर्कवाले आपल्याकडून चोरतात. अननस कुणाचा? कोतुईचा. मग अक्कल कुणाची? आणि ज्या बाईच्या घराला आज वास येईल, तिच्या घरी मी प्रार्थनेला जाणार नाही."

झालं. कायदा बदलला. मघाशी धाडकन लावलेल्या दारांमधून बायका बाहेर आल्या, आणि प्रत्येक बाई मला आधीपासूनच बिटाचा संशय होता असं सांगायला लागली. यानेल्बा बीटही नको म्हणाली, नुसतं पांढरंच वापरते. पण दोन्याने ते फेटाळलं. रंग हवा. नाहीतर बसून बघायचं काय?

चागो आला तेव्हा त्याच्या गाडीत बाटल्यांचा ढीग पडला. तो भांडायच्या बेताने खाली उतरला. नुर्किसने त्याचे हात धरले आणि सगळ्यांना दाखवले. बोटांची कातडी सोललेली, नखं पिवळी. "हे धुळीने झालंय का रे?" तिने विचारलं. चागोने हात ओढून खिशात घातले. मग म्हणाला, "व्हिनेगर पिंपात किती दिवस टिकतो?"

नोव्हेंबरच्या शेवटी मोन्चो एकदा सूर ऐकून गेला आणि मोकाच्या पोराचं नाव पुन्हा निघालं नाही. आणि जत्रेच्या दिवशी चौकात पाय ठेवायला जागा नव्हती. मोन्चोने अकॉर्डियन छातीशी घेतलं, ढोलवाल्याने थाप दिली आणि थांबला. एलिहिओ पुढे आला. नवा पांढरा शर्ट, केस तेल लावून चापून बसवलेले. त्याने डोळे मिटले आणि सूर धरला.

लोक मोजायला लागले. दहा. पंधरा. वीसला मोन्चोने मान वर केली. पंचविसाला दोन्या फ्रेदेस्विंदा खुर्चीवर उभी राहिली, फाटक्या आवाजात सगळ्यांत मोठ्याने मोजत, आणि अख्खा बोळ तिच्यामागे. तिसाला मेर्सेदितासची सासू रडायला लागली, का ते तिलाच माहीत. नुर्किस तेवढी मोजत नव्हती. ती तोंडावर दोन्ही हात घेऊन उभी होती, कारण अडतिसाव्या आकड्याला एलिहिओने एक डोळा उघडला, गर्दीत तिला शोधलं, आणि सूर न सोडता तिला डोळा मारला.

बेचाळीस. मग त्याने सॅक्सोफोन खाली घेतला, आणि ढोल असा कडाडला की कोतुईत कुणीही उभं राहिलं नाही, सगळे नाचायला लागले.